पुढची दाढ काढण्याआधी: तोंडातलं न उलगडणारं दुखणं आणि मज्जातंतू

गुहागर तालुक्यातल्या एका मुलाने आईबद्दल विचारलं आहे. आईचं वय ५८. डाव्या बाजूच्या वरच्या दाढांच्या जागी दीड वर्षापासून दुखतं. आधी एका दाढेचं रूट कॅनाल झालं. तरी दुखणं थांबेना म्हणून ती दाढ काढली. मग शेजारच्या दाढेचं रूट कॅनाल झालं. एक्स-रे स्वच्छ आहे, आणि आता ही दुसरी दाढही काढू या असं ठरतंय. दुखणं दिवसभर मंद, जळजळीचं असतं. संध्याकाळकडे जिभेच्या शेंड्यालाही आग होते. रात्री मात्र झोप लागते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे आणि मशेरी लावायची जुनी सवय आहे. वेदनाशामक गोळ्या रोज घेऊनही फरक नाही. घरातली माणसं आता म्हणू लागलीत की हे मनाचं दुखणं आहे. मुलाचा प्रश्न असा: हे नसेचं असू शकतं का, आणि असेल तर दाखवायचं कुणाला?

असू शकतं. तुम्ही लिहिलंय त्यावरून तशी शक्यता बरीच आहे. म्हणून सगळ्यात आधी एक करा, ती दुसरी दाढ काढण्याचा दिवस पुढे ढकला. हिरडीला सूज, पू, ताप, दात हलणं किंवा मुळाशी स्पष्ट दिसणारा जंतुसंसर्ग असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा थांबून चालत नाही. यातलं काहीच नसेल तर दोन-चार आठवडे थांबल्याने नुकसान होणार नाही. दाढ काढल्यावर मात्र ती परत बसवता येत नाही. आणि दुखणं नसेचं असेल तर दाढ काढल्याने ते जात नाही, उलट तिथली नस आणखी एकदा दुखावते. एका ओळीत चार दाढांच्या मोकळ्या जागा आणि दुखणं जसंच्या तसं, असे रुग्ण माझ्याकडे किनारपट्टीवरच्या गावांतून येत असतात. प्रत्येक दाढ काढताना रुग्णालाच वाटलेलं असतं की दुखणारी हीच. रुग्ण खोटं सांगत नाही, डॉक्टरही फसवत नसतो. नसेचं दुखणं दाताचंच वाटतं, तिथेच सगळा घोटाळा होतो.

तो का होतो ते सांगते. चेहरा, दात, हिरड्या, टाळू आणि जिभेचा पुढचा दोन तृतीयांश भाग यांची संवेदना मेंदूकडे नेणारी एकच मोठी नस प्रत्येक बाजूला असते. तिला ट्रायजेमिनल म्हणतात. मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांतली ती पाचवी. तिच्या तीन शाखा आहेत: एक कपाळ-डोळ्याकडे, दुसरी गाल आणि वरच्या दातांकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. तुमच्या आईंचं दुखणं दुसऱ्या शाखेच्या हद्दीत आहे. या वाटेवर कुठेही बिघाड झाला, अगदी कवटीच्या आत मेंदूजवळ झाला, तरी मेंदू त्याचा पत्ता 'वरची डावी दाढ' असाच लावतो. दाढ निरोगी असते, निरोप चुकीचा असतो.

जखम नसताना आग कशी होते, हा प्रश्न घरोघरी पडतो. त्याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. मिरची चावल्यावर तोंड भाजत नाही, तरी आग होते, कारण मिरचीतला कॅप्सेसिन हा घटक नसेच्या टोकावरचा उष्णता ओळखणारा ग्राहक, म्हणजे संदेश टिपणारं बारीक दार, थेट उघडतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने हा ग्राहक १९९७ मध्ये शोधून काढला आणि २०२१ चं नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळालं. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ दाताखाली आलं की ओठांना मुंग्या येतात, तेही असंच, नसेच्या टोकाशी होणारं काम. दोन्ही वेळा तोंडाला इजा काहीच झालेली नसते. आता हीच नस दुखावली गेली, तिचं आवरण झिजलं किंवा तिला पोषण कमी पडलं, तर मिरची नसतानाही ती आपणहून संदेश पाठवत राहते. तपासणाऱ्याला तोंडात लाली नाही, फोड नाही, कीड नाही असंच दिसतं. पण आग खरी असते.

तुमच्या आईंच्या बाबतीत माझ्या मनात पहिला येतो तो दाताच्या उपचारानंतर मागे राहणारा नसेचा त्रास. रूट कॅनालमध्ये दाताच्या आतली नस काढून टाकतात, आणि दाढ उपटताना मुळाशी येणारे तंतू तुटतात. बहुतेकांमध्ये ते शांतपणे भरून येतात. काहींमध्ये तुटलेली टोकं नीट जुळत नाहीत, तिथून विनाकारण संदेश सुटू लागतात, आणि महिनोन्महिने तेच संदेश ऐकून मेंदूतली केंद्रंही हळवी होतात. मग साधा स्पर्शही दुखल्यासारखा वाटतो. हात-पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या पायात कळा येतात हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. काढलेल्या दाढेच्या जागीही तसंच होऊ शकतं. हे फार दुर्मीळ नाही. रूट कॅनाल झालेल्या सुमारे २० दातांपैकी एकात सहा महिन्यांनंतरही काही ना काही दुखणं उरलेलं आढळतं, आणि त्यातला बराचसा भाग दातामुळे नसतो. उपचाराआधी खूप दिवस ठणका सोसलेल्या माणसात, आणि ज्यांना शरीरात इतरत्रही जुनं दुखणं आहे त्यांच्यात, ही शक्यता वाढते. म्हणून दाढ ठणकत असताना 'आधी लावणी उरकू दे, मग बघू' म्हणून दोन महिने काढू नयेत, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते.

या त्रासाची ओळख कशी पटते? दुखणं जवळपास रोज, दिवसाचे बरेच तास असतं. मंद, जळजळीचं, दाबल्यासारखं, कधी टोचल्यासारखं. जागा बोटाने दाखवता येते, पण महिन्यांनी ती थोडी पसरते. थंड-गरम पाण्याशी त्याचा नेमका संबंध जुळत नाही. झोपेत ते बहुधा उठवत नाही. दाताचा खरा ठणका नेमका उलट वागतो: आडवं झालं की वाढतो, मध्यरात्री उठवून बसवतो, थंड पाण्याने कळ जाते किंवा येते, आणि चावताना अमुकच दात दुखतो. तुमच्या आईंना झोप लागते, ही ओळ तुम्ही सहज लिहिली असेल, मला ती फार महत्त्वाची वाटली.

तरीही दात पूर्णपणे निर्दोष आहे हे आधी पक्कं करायला हवं. साध्या एक्स-रेमध्ये वरच्या दाढांची मुळं एकमेकांवर आणि गालातल्या सायनसवर चढलेली दिसतात. दाढेतली बारीक उभी चीर त्यात हमखास निसटते, आणि वरच्या दाढेत सुटून गेलेली एखादी मूळनलिकाही. त्यासाठी सीबीसीटी नावाचा जबड्याचा त्रिमितीय स्कॅन एकदा करून घ्यावा. तो काढलेला असेल तर पुन्हा नको. दाढेला चीर असेल तर चावा सोडताना चमक येते. वरच्या चार-पाच दाढा एकदम दुखत असतील, खाली वाकल्यावर जड वाटत असेल आणि नाक चोंदलेलं असेल, तर सायनसकडे बघावं लागतं. रोज पहाटे जबडा आखडलेला असतो का, गालाचा स्नायू दाबला की ते ओळखीचं दुखणं उमटतं का, हेही तपासावं लागतं. दात आवळून झोपणाऱ्यांच्या गालाच्या स्नायूतलं दुखणं दाढेत उतरतं, आणि असे रुग्ण नसेच्या रुग्णांपेक्षा कितीतरी जास्त असतात.

मग येते माझी आवडती तपासणी, तिला एक पैशाचं यंत्र लागत नाही. कापसाची वात आणि बोथट टोकाची पिन घेऊन दोन्ही बाजूंचे गाल, ओठ, हिरड्या, टाळू तपासायचे. डावीकडे कमी कळतं का, की जास्तच कळतं? हळुवार स्पर्श बोचतो का? थंड चमचा लावला तर नुसता गार लागतो, की आग होते? जिथे संवेदना कमी आहे आणि तिथेच दुखणंही आहे, तिथे नस दुखावलेली आहे असं समजायला मोठा आधार मिळतो. दुसरी तपासणी भूल देण्याची. दुखऱ्या जागी थोडी भूल दिली आणि दुखणं पूर्ण गेलं, तर उगम तिथे किंवा तिथल्या नसेच्या टोकाशी आहे. जागा ठार बधीर झाली तरी दुखणं तसंच राहिलं, तर उगम आणखी मागे आहे, दाढेत नाही. अशा वेळी दाढ काढून काही साधणार नाही हे रुग्णाला स्वतःलाच पटतं, समजावत बसावं लागत नाही.

आता ज्या आजाराचं नाव सगळ्यांना इंटरनेटवर पहिलं सापडतं तो, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. तुम्ही वर्णन केलेलं दुखणं त्याच्याशी जुळत नाही. पण या पट्ट्यात तो चुकीचा ओळखला जातो म्हणून जरा सविस्तर लिहिते. त्यातली कळ विजेच्या धक्क्यासारखी असते, क्षणाच्या अंशापासून जास्तीत जास्त दोन मिनिटांपर्यंत टिकते, आणि येते तेव्हा माणूस बोलता बोलता थिजतो. मग काही क्षण शांत. मग पुन्हा. ती आपोआपही येते, पण बहुधा अगदी क्षुल्लक स्पर्शाने उठते: तोंड धुताना, दात घासताना, पहिला घास चावताना, दाढी करताना, बोलताना. आणि वाऱ्याने. समुद्राकाठच्या माणसाला हे फार जाचतं. मालवणकडच्या एका मावशींनी मला आजार जितक्या नेमकेपणाने सांगितला तितका पुस्तकातही वाचायला मिळत नाही: "वारो लागलो की कळ येता." एसटीच्या खिडकीशी बसता येत नाही, स्कूटरवर मागे बसता येत नाही, होडीवर जाणारे मे महिन्यातही मफलर गुंडाळतात. काही जण दुखऱ्या बाजूने जेवणंच सोडतात, तोंड धुणं टाळतात, त्यामुळे त्याच बाजूचे दात किडतात. मग किडका दात दिसतो, तो काढला जातो, आणि कळ तिथेच राहते.

याचं कारण बहुतेकांमध्ये कवटीच्या आत असतं. नस मेंदूतून जिथे बाहेर पडते तिथे एखादी रक्तवाहिनी तिला टेकलेली असते. प्रत्येक ठोक्याला ती घासते, नसेचं आवरण झिजतं आणि उघडे पडलेले तंतू एकमेकांत संदेश उडवू लागतात. पन्नाशीनंतर आणि स्त्रियांमध्ये हे जास्त दिसतं, आणि डाव्यापेक्षा उजव्या बाजूला अधिक. थोड्या रुग्णांमध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू-मज्जारज्जूतल्या तंतूंचं आवरण झिजवणारा आजार) किंवा गाठ निघते. म्हणून अशा प्रत्येकाचा नसेवर लक्ष ठेवून केलेला एमआरआय एकदा व्हावा, विशेषतः वय चाळिशीच्या आत असेल, दोन्ही बाजूंना दुखत असेल किंवा गाल बधीर झाला असेल तर. पण रिपोर्टमध्ये 'रक्तवाहिनी नसेला टेकली आहे' एवढं वाचून घाबरू नका. कधीच न दुखलेल्या माणसांतही ती टेकलेली दिसते. निदान रुग्णाच्या बोलण्यावरून होतं, एमआरआय त्याला फक्त पुष्टी देतो.

या कळेवर १९६० च्या दशकापासून वापरात असलेलं कार्बामाझेपिन आजही पहिलं औषध आहे. टेग्रिटॉल या नावाने ते बहुतेक गावांतल्या औषधांच्या दुकानात मिळतं. नसेतल्या सोडियमच्या वाटा ते बंद करतं, म्हणून विनाकारण सुटणारे संदेश थांबतात. कमी मात्रेने सुरुवात करून हळूहळू वाढवतात. सुरुवातीला झोप आणि चक्कर येते, वयस्करांमध्ये रक्तातलं सोडियम उतरतं, म्हणून रक्त तपासत राहावं लागतं. अंगावर पुरळ उठलं, तोंड सोलल्यासारखं झालं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, कारण त्वचा सुटणारी जीवघेणी प्रतिक्रिया क्वचित होते. आशियाई वंशाच्या काही लोकांत एक विशिष्ट जनुक असल्याने हा धोका वाढतो, आणि गोळी सुरू करण्याआधी त्याची रक्ततपासणी करता येते. बरं वाटलं म्हणून ही गोळी एकदम बंदही करायची नसते. गोळ्यांनी भागलं नाही, किंवा त्यांचा त्रासच जास्त झाला, तर रक्तवाहिनी आणि नस यांच्यामध्ये टेफ्लॉनचा छोटा बोळा ठेवण्याची शस्त्रक्रिया आहे. पीटर जनेटा या शल्यचिकित्सकांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली रूढ केली. तिच्यानंतर दहा वर्षांनीही साधारण ७० टक्के रुग्ण जवळपास वेदनामुक्त राहतात. वय किंवा हृदयामुळे मोठी शस्त्रक्रिया झेपणार नसेल तर गालातून सुई घालून नसेला उष्णता देणं, फुग्याने दाबणं किंवा किरणांचा उपचार, असे पर्याय आहेत. त्यांत गालाला थोडी बधिरता येऊ शकते.

आता तुमच्या आईंच्या जिभेबद्दल. दाढेच्या जागेचं दुखणं आणि संध्याकाळी जिभेच्या शेंड्याला होणारी आग ही दोन वेगळी दुखणी असू शकतात, आणि मला इथे तसंच वाटतंय. रजोनिवृत्तीनंतरच्या बायकांमध्ये जीभ, ओठ, टाळू यांची आग होणं हा ओळखीचा आजार आहे. सकाळी बरं असतं, दिवस चढतो तशी आग चढते, जेवताना उलट थोडी कमी होते, तोंडाला कडू किंवा धातूसारखी चव येते, लाळ असूनही कोरडं वाटतं. तोंडात पाहावं तर काही नाही. अशा काही रुग्णांच्या जिभेचा बारीक तुकडा तपासला तेव्हा सगळ्यात बारीक तंतूंची संख्या कमी झालेली सापडली. म्हणजे हाही नसेचाच आजार, फक्त सूक्ष्म पातळीवरचा.

पण हे नाव देण्याआधी दुरुस्त करण्याजोगी कारणं एकेक करून वगळायची असतात, आणि तुमच्या पत्रात तशी दोन तरी आहेत. एक मधुमेह. साखर बरीच वर्षं वर राहिली की तळपायांप्रमाणे तोंडातले बारीक तंतूही बिघडतात, शिवाय बुरशी येते. गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर किती आहे ते पाहा. दुसरं मेटफॉर्मिन. ही गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये बी-१२ जीवनसत्त्वाचं शोषण कमी होतं. आमच्याकडे लोक म्हणतात, आम्ही रोज मासे खातो, आम्हाला बी-१२ कसं कमी पडेल? माशांत ते भरपूर असतं हे खरं, पण आतड्यातून ते आत गेलं पाहिजे ना. सोबत पित्ताची गोळी रोज चालू असेल तर अडचण आणखी वाढते. जीभ गुळगुळीत, लालसर दिसते का बघा, पायांना मुंग्या येतात का विचारा. बी-१२, हिमोग्लोबिन, लोह आणि थायरॉइड यांची रक्ततपासणी गावाजवळच्या प्रयोगशाळेत होते. कमतरता निघाली तर इंजेक्शनं किंवा गोळ्या घेऊन बघता येतं, मात्र नसा सावरायला काही महिने लागतात. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल तर तेही सांगा, या गटातल्या गोळ्यांनी काहींच्या तोंडाची आग होते. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टर ती बदलून देतील.

मशेरीबद्दल मी मुद्दाम वेगळं लिहितेय, आणि माझी विनंती आहे की हा परिच्छेद आईंना वाचून दाखवा. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. 'दातांसाठी लावते' म्हटल्याने तो तंबाखू राहत नाही असं होत नाही. ती जिथे ठेवतात तिथे हिरडी सोलते, पांढरा चट्टा धरतो, आणि काहींमध्ये त्याचा कर्करोग होतो. तोंडाचा कर्करोग नसेच्या बाजूबाजूने पसरतो, तेव्हा तो दुखणं, मुंग्या, बधिरपणा अशाच रूपात समोर येऊ शकतो. म्हणून नसेचं निदान करणाऱ्याने प्रत्येक वेळी आधी संपूर्ण तोंड, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा, दाढेमागचा कोपरा आणि मान हाताने तपासली पाहिजे. सुपारीचंही तसंच. आपल्या वाडीतली, आपल्या हाताने सोललेली म्हणून ती निरुपद्रवी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तंबाखूविना नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं आहे. तिखट कालवण झोंबतं आणि तोंडात आपलीच तीन बोटं उभी जात नाहीत, असं असेल तर ते नसेचं नाही, गालाची आतली त्वचा ताठर होत चालली आहे.

काही लक्षणं अशी आहेत की त्यांना आठवड्यांची मुदत देत नाहीत. तीन आठवड्यांत न भरलेला फोड किंवा चट्टा. मानेत गाठ. दात काढलेला नसताना हनुवटी किंवा खालचा ओठ अचानक बधीर होणं, कारण ते शरीरातल्या दुसऱ्या एखाद्या कर्करोगाचं पहिलं लक्षण असू शकतं. कानशिलाची शीर दुखरी होऊन चावताना जबडा थकणं, त्यातून दृष्टी जाऊ शकते. आणि चढ चढताना, ओझं नेताना खालच्या जबड्यात येणारं, विसावा घेतला की जाणारं दुखणं: तो दात नाही, हृदय आहे. मधुमेही बायकांमध्ये छातीत न दुखता ते जबड्यातच दुखू शकतं. असं झालं तर दातांच्या डॉक्टरांकडे येऊ नका, आधी ईसीजी काढा.

उरलेली कारणं थोडक्यात. गिळताना घशातून कानाकडे जाणारी विजेसारखी कळ नवव्या नसेची असते, दुर्मीळ आहे, आणि त्यात कधी नाडी मंदावून घेरीही येते. चेहऱ्यावर नागीण उठली असेल तर पहिल्या ७२ तासांत विषाणूविरोधी गोळ्या सुरू व्हायला हव्यात. आमच्याकडे त्या दिवसांत नागीण उतरवून घेतात आणि नेमकी तीच वेळ हातची जाते. पुरळ सुकल्यावर तीन महिन्यांनीही आग राहिली तर ती नागिणीनंतरची नसेची वेदना. पन्नाशीपुढच्यांसाठी नागिणीची दोन डोसांची लस २०२३ पासून भारतात मिळते, मधुमेह असलेल्यांनी तिचा विचार जरूर करावा. खालची कवळी घातल्यावर हनुवटीजवळ सळक येत असेल तर झिजलेल्या हाडामुळे तिथून बाहेर येणारी नस कवळीखाली दबत असेल. कवळी तेवढी कोरून घेतली की भागतं. आणि अक्कलदाढ काढल्यावर किंवा इम्प्लांट (जबड्याच्या हाडात रोवलेला कृत्रिम दात) बसवल्यावर भूल उतरण्याची वेळ टळून गेली तरी ओठ बधीर असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. इम्प्लांट नसेवर दाबत असेल तर तो पहिल्या दिवस-दीड दिवसात काढण्याने फरक पडतो.

उपचारांबद्दल एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी लागते. रोज घेत असलेल्या डायक्लोफिनॅक-आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या सूज उतरवतात. नसेच्या दुखण्यात सूज नसते, म्हणून त्या लागू पडत नाहीत, आणि मधुमेही माणसाच्या मूत्रपिंडांना मात्र धोका होतो. त्या आता बंद करा आणि एकदा क्रिएटिनिन तपासून घ्या. नसेच्या मंद, जळजळत्या दुखण्यावर अ‍ॅमिट्रिप्टिलीन किंवा नॉरट्रिप्टिलीन रात्री अगदी छोट्या मात्रेत, बहुधा १० मिलिग्रॅमने सुरू करतात. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन हे दुसरे पर्याय. काचबिंदू, हृदयाच्या ठोक्यांची तक्रार किंवा लघवी अडण्याचा त्रास असेल तर पहिल्या गटातल्या गोळ्या जपून द्याव्या लागतात, हे डॉक्टरांना आधी सांगा. हिरडीच्या ठरावीक जागीच दुखत असेल तर दातांच्या मापाचं पातळ साचं करून त्यात बधिर करणारं जेल भरून लावता येतं, पोटात काही जात नाही. जिभेच्या आगीसाठी क्लोनाझेपामची गोळी तीन मिनिटं तोंडात घोळवून थुंकून टाकण्याचा उपचार बऱ्याच जणींना मानवतो. ती सवय लावणारी गोळी आहे, चिठ्ठीशिवाय घेऊ नये.

अ‍ॅमिट्रिप्टिलीन किंवा नॉरट्रिप्टिलीन लिहून दिली की औषधाच्या दुकानात कुणीतरी सांगतं, 'ही तर डिप्रेशनची गोळी', आणि रुग्ण घरी येऊन पुडी फेकून देतो. हे इतकं घडतं की मी चिठ्ठी देतानाच सांगून टाकते: उदासीसाठी याच गोळ्यांची मात्रा कितीतरी मोठी असते. छोट्या मात्रेत त्या मेंदूकडून खाली येणारी, वेदना दाबणारी यंत्रणा बळकट करतात. परिणाम दिसायला तीन ते सहा आठवडे जातात. पहिल्या आठवड्यात फक्त झोप आणि कोरडं तोंड जाणवतं, गुण नंतर येतो. दहाचं दुखणं शून्यावर येईलच असं मी कुणाला सांगत नाही. ते चारावर आलं, जेवता-बोलता यायला लागलं, तर औषध काम करतंय असं समजायचं.

घरातल्यांनी 'मनाचं आहे' म्हणणं थांबवावं. दीड वर्ष रोज जळणाऱ्या तोंडाने माणूस खचतो, चिडतो, लोकांत मिसळेनासा होतो, तेव्हा मन दुखावतंच. ते दुखण्यामुळे दुखावलेलं असतं. पुरेशी झोप, माणसांत जाणं-येणं आणि गरज असेल तर समुपदेशन यांनी वेदनेची धार कमी होते. ते खरं दुखणं असूनही कमी होते, खोटं आहे म्हणून नव्हे.

आता कुणाला दाखवायचं. पहिली फेरी दंत महाविद्यालयात करा, तिथे मुखरोग विभाग असतो, इंग्रजीत ओरल मेडिसिन अँड रेडिओलॉजी लिहिलेलं असतं. तुम्हाला खेडचं दंत महाविद्यालय जवळ पडेल. सिंधुदुर्गातल्या वाचकांना बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय सोयीचं, शेजारीच गोवा मेडिकल कॉलेज असल्याने मेंदूविकारतज्ज्ञही तिथेच भेटतात. मुंबईत नातेवाईक असतील तर सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय. मुखरोगतज्ज्ञाने दात आणि तोंड निर्दोष ठरवलं की मग मेंदूविकारतज्ज्ञ. हा क्रम उलटा केला तर एमआरआयचा खर्च आधी होतो आणि चिरलेली दाढ तशीच राहते.

जाण्याआधी दोन आठवडे एका वहीत रोज चार ओळी लिहून ठेवा: दुखणं किती वाजता सुरू झालं, किती वेळ टिकलं, कशाने उठलं, दहापैकी किती होतं, काय खाल्लं, झोप लागली का. आईंना लिहिणं जमत नसेल तर रात्री जेवणानंतर विचारून तुम्ही लिहा. 'दुखतं का?' असं विचारू नका. ठणकतं, जळतं, टोचतं, की करंट बसल्यासारखं होतं, असं विचारा, आणि त्या म्हणतील तोच शब्द लिहा. सोबत जुने सगळे एक्स-रे, रूट कॅनालच्या तारखा, साखरेचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं न्या. पाकिटं आठवणीपेक्षा खरं सांगतात. तोपर्यंत मशेरी बंद, रोजची वेदनाशामक गोळी बंद, फेस कमी असलेली सौम्य टूथपेस्ट, आणि आग होत असेल त्या दिवसांत सोलकढी, लोणचं, फार गरम चहा टाळायचा. डावी गालफडं शेकू नका: संवेदना कमी झालेल्या जागी भाजलं तरी त्यांना कळणार नाही.